आपल्या तहानेच्या नावावर जंगल बुडवू नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कोरडवाहू शेतकऱ्यानं धरणाला विरोध करायचा, हे ऐकून काही जण हसतील. पावसानं ताण दिला की पात्या गळतात, ज्वारी पोटरीतच सुकते. हे ज्यानं पाहिलंय त्याला पाण्याची किंमत कुणी शिकवायची गरज नाही. पाणी आपल्याला हवंच आहे. म्हणूनच आपल्या तहानेच्या नावावर कोण काय उचलतंय, हे पाहणं आपलं काम आहे. आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्यानं कर्ज काढलं तर आपण गप्प बसतो का?

गोष्ट मध्य प्रदेशातल्या बुंदेलखंडाची आहे. तोही आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथल्या केन-बेतवा जोडप्रकल्पाची पायाभरणी केली. केन नदीवर दौधन इथं ७७ मीटर उंचीचं धरण बांधायचं आणि २२१ किलोमीटरच्या कालव्यानं पाणी बेतवा नदीत न्यायचं, अशी ही योजना. धरणाची जागा पन्ना व्याघ्र प्रकल्पात आहे. सुमारे ६,००० हेक्टर जंगल त्यात जाणार.

२००९ साली पन्नात एकही वाघ उरला नव्हता. कान्हा, बांधवगडहून वाघ आणून तिथं पुन्हा त्यांची पिढी उभी केली. या उद्यानासाठी गावंही उठवली. वाघासाठी जागा सोडा म्हणून माणसाला बाहेर काढलं, आणि आता त्याच उद्यानाचा मोठा भाग पाण्याखाली घालायचा! कायद्यानं राखलेली जमीन अशी एका मंजुरीनं जात असेल, तर तुमच्या-माझ्या पाच एकरांना कोणता कायदा राखणार?

आता हिशेबाला बसू. प्रकल्पाची मंजूर किंमत ४४,६०५ कोटी रुपये, सिंचन १० लाख ६२ हजार हेक्टर. पिण्याचं पाणी आणि थोडी वीजही त्यात धरली आहे. तरी भागाकार करून बघा, हेक्टरी चार लाख वीस हजार, म्हणजे एकरी एक लाख सत्तर हजार रुपये पडतात. आणि हा भाव झाला कागदावरचा. आपल्या विदर्भातल्या गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. तेव्हाचा अंदाज होता ३७२ कोटींचा, तो पुढं १८,००० कोटींच्या वर गेला. तीस वर्षं उलटली तरी काम संपलं नव्हतं. कागदावरचं पाणी शेतात पोचत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरा प्रश्न, केनमध्ये जादा पाणी आहे हे कुणी ठरवलं? केन आणि बेतवा शेजारच्या नद्या. एकीत पाऊस कमी पडला तर बहुधा दुसरीतही कमीच पडणार. आणि गंगेच्या खोऱ्यातल्या प्रवाहाची आकडेवारी सरकार गुप्त ठेवतं. म्हणजे सातबारा न दाखवता खरेदीखतावर अंगठा मागण्यातलाच हा प्रकार. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीनं २०१९ च्या अहवालात हेच विचारलं, की केनच्या वरच्या अंगाला मागास, दुष्काळी शेतकरी आहे, त्याच्या वाट्याचं पाणी आधी का देत नाही? इतर पर्याय नीट तपासले का? खालच्या अंगाला घडियाल मगरींचं अभयारण्य आहे, त्याचं काय? उत्तरं पुरी व्हायच्या आधीच कोनशिला बसली.

तिसरी गोष्ट थेट आपल्या बांधावरची. मुंबईच्या आयआयटीतल्या आणि पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या नदीजोड योजनांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध केला. एका भागात एवढं पाणी जमिनीवर पसरलं की हवेतली ओल बदलते आणि पावसाची चालही बदलते. पाणीटंचाईच्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असं त्यांचं गणित सांगतं. सप्टेंबर म्हणजे कपाशीला बोंडं धरण्याचा आणि रब्बी ज्वारीची पेरणी सुरू होण्याचा महिना. हा धोका एकट्या केनचा नाही, सगळ्या जोडणीचा आहे. वैनगंगेचं पाणी नळगंगेकडं न्यायची योजना आपल्याही दाराशी आली आहे.

कुणी म्हणेल, मग पाणी नकोच का? हवं, पण ज्याच्या शिवारात पाऊस पडतो त्याच्या शिवारात ते आधी थांबलं पाहिजे. बुंदेलखंडात चंदेल राजांच्या काळचे तलाव आहेत, आपल्याकडं भंडारा-चंद्रपूरला मालगुजारी तलाव आहेत. त्यांचा गाळ काढा, बांधबंदिस्ती करा, शेततळी आणि विहिरी द्या. एकरी पावणेदोन लाखांतला थोडा हिस्सा जरी थेट शेतकऱ्याच्या हातात दिला, तरी तो स्वतःच्या रानात पाणी अडवून दाखवील. कंत्राटदाराला मात्र त्यात काही मिळत नाही, म्हणून ही कामं मागं पडतात.

तेव्हा आजच्या बैठकीत ठराव करू. राखीव उद्यानं बुडवणाऱ्या धरणांना आमचं नाव वापरायची परवानगी नाही. पाण्याची आकडेवारी गावात मांडा, एकरी खर्च जाहीर करा, वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाणी आधी द्या. हा ठराव प्रत्येकानं आपल्या ग्रामसभेत मांडावा, आणि पाण्याच्या गप्पा मारायला पुढारी आला की हेच तीन प्रश्न त्याच्यासमोर ठेवावेत.