प्राणवायूचा कक्ष : कोणासाठी, कशासाठी?

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



पाड्यावरचा बाप मुलाच्या उपचारासाठी बैलजोडी विकायला निघतो, तेव्हा तो उपचार खरोखर उपयोगी आहे का, हे पाहणे आपलेही काम आहे. म्हणून आज हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीविषयी बोलतो.

यात रुग्णाला बंद कक्षात ठेवून हवेचा दाब नेहमीच्या दोन ते तीन पट वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. दाबामुळे रक्तात जास्त ऑक्सिजन विरघळतो आणि जिथे रक्तपुरवठा कमी आहे, तिथेही पोहोचतो.

याचे खरे उपयोग आहेत. खोल पाण्यातून झटकन वर आलेल्या पाणबुड्यांना होणारा त्रास, गॅस गँगरीन, रेडिएशनमुळे हाडाला झालेली इजा, यांवर तो देतात. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते. गंभीर रुग्णांना तोही देतात. पण आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. तिथे मास्कने ऑक्सिजन मिळणे पहिले.

मधुमेहामुळे पायाला झालेली खोल जखम नेहमीच्या उपचाराने भरत नसेल, तर काही रुग्णांना फायदा होतो. त्यासाठी 20 ते 40 वेळा जावे लागते. तरीही जखमेची निगा, साखरेवर ताबा आणि पायात योग्य चप्पल यांना पर्याय नाही.

मात्र ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, कॅन्सर बरा होतो, म्हातारपण लांबते, असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर सावध व्हा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्येच अशा दाव्यांपासून लोकांना सावध केले होते. धोकेही आहेत : कानाला, फुप्फुसाला इजा होऊ शकते, ऑक्सिजनमुळे आग झपाट्याने भडकते. 31 जानेवारी 2025 रोजी मिशिगनमधील ट्रॉय येथे अशा कक्षाला आग लागून 5 वर्षांचा मुलगा दगावला.

म्हणून मदतीचा अर्ज आला की तीन गोष्टी विचारा. आजार नेमका कोणता? रोजचा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे लिहून दिले आहे का? कक्षाजवळ प्रशिक्षित डॉक्टर असतात का? उत्तरे समाधानकारक असतील, तर प्रवासखर्चासह मदत करा. नसतील, तर त्या घराला प्रेमाने समजावा. त्यांची बैलजोडी वाचवणे हीदेखील सेवाच आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.