बिघाडापूर्वीची दक्षता

कारखान्यात मध्यरात्री यंत्र बंद पडते. घरून बोलावून आणलेला कुशल तंत्रज्ञ पहाटेपर्यंत खपतो, चाके पुन्हा फिरू लागतात आणि सकाळी व्यवस्थापक सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटतात. त्याच कारखान्यातील दुसऱ्या एका तंत्रज्ञाला बेअरिंगचा बदललेला आवाज वेळीच जाणवतो. तो वंगण घालतो, सैल झालेला बोल्ट आवळतो आणि पुढे काहीच विपरीत घडत नाही. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. देखभालीची पद्धत बदलू पाहणाऱ्या संस्थेपुढे पहिला अडथळा उभा राहतो तो येथेच. तो यंत्राचा नसतो. गौरव कशाचा करावा, याविषयी रुजलेल्या समजुतीचा असतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या कोस्टल कमांडची विमाने अटलांटिकवर जर्मन पाणबुड्यांचा शोध घेत. जहाजांवरील असंख्य खलाशांचे प्राण या टेहळणीवर अवलंबून होते. तळावरील ठरावीक प्रमाणात विमाने सदैव सज्ज असावीत, असा दंडक होता. परंतु विमान उडाले की त्यात बिघाड संभवतो आणि सज्जतेचा आकडा घसरतो. म्हणजे एकही विमान न उडवता हा दंडक तंतोतंत पाळता आला असता! मोजायचे ते सज्ज विमान नव्हे, तर समुद्रावर घालविलेले तास, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

याच शास्त्रज्ञांपैकी जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी या कार्याचा वृत्तांत लिहिला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. विमानांची तपासणी दर ५० उड्डाणतासांनी होत असे. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढील तपासणी जवळ येता येता ते वाढावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नोंदी उलट निघाल्या. तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वाधिक होत आणि पुढे ते कमी होत जात. सुरळीत चालणारी रचना विनाकारण उकलल्याने नवे दोष शिरत होते. तपासण्यांची आखणी सुधारल्यावर उड्डाणतासांत लक्षणीय वाढ झाली.

नागरी विमानवाहतुकीनेही पुढे हाच धडा घेतला. एफ. स्टॅनली नौलान आणि हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या घटकांपैकी सुमारे ८९ टक्के घटकांना वयाची मर्यादा घालून काही लाभ नव्हता. डीसी-८ विमानाच्या ३३९ घटकांची ठरावीक काळाने संपूर्ण दुरुस्ती होत असे. डीसी-१० साठी असे घटक अवघे ७ उरले. प्रत्येक घटकाबाबत एकच प्रश्न विचारला गेला: हा मोडला तर परिणाम काय होईल? जेथे जीविताला धोका, तेथे कडक दक्षता. जेथे केवळ एखादा दिवा विझणार, तेथे तो विझल्यावर बदलणेच शहाणपणाचे.

जपानमध्ये या विचाराला कामगाराची जोड मिळाली. टोयोटा समूहातील निप्पॉनडेन्सो या कारखान्याने १९७१ च्या सुमारास देखभालीची प्राथमिक जबाबदारी यंत्र चालविणाऱ्यावर सोपविली. यंत्र पुसणे हे हलके काम न राहता ती तपासणी ठरली. कारण पुसणाऱ्या हाताला तेलाची गळती, तडा आणि नेहमीपेक्षा अधिक उष्णता प्रथम कळते.

मात्र असा बदल परिपत्रकाने घडत नाही. बिघाडाची नोंद करणाऱ्यालाच जाब विचारला गेला, तर नोंदी थांबतात आणि दोष झाकले जातात. उत्पादनाच्या घाईत ठरलेली देखभाल दोनदा पुढे ढकलली, तर तिसऱ्यांदा तिची आठवणही कोणी करीत नाही. दुरुस्ती विभागालाही आपले महत्त्व घटेल अशी भीती वाटते. ती भीती दूर करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होय. म्हणूनच आरंभ एका विभागातील मोजक्या यंत्रांपासून व्हावा, बिघाडाचे मूळ कारण लिहिले जावे आणि त्या लेखनातून काय बदलले, हे कामगाराला प्रत्यक्ष दिसावे. विश्वास बसण्यास काळ लागतो, हे व्यवस्थापकांनी आधीच गृहीत धरले पाहिजे.

ज्या दिवशी बेअरिंगचा आवाज ओळखणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सकाळी बोलावून, त्याने काय ऐकले हे व्यवस्थापक आस्थेने विचारतील, त्या दिवशी त्या कारखान्यात बदलाला खरा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.