आलप्पुळा : दोन दिवसांचा जलप्रवास

केरळच्या किनाऱ्यावरील आलप्पुळा, ज्या शहराला आपल्या वडीलधाऱ्यांची पिढी आलेप्पी म्हणत असे, त्याचा विषय निघाला की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चटयांच्या छपराची, शृंगारलेली आणि एका रात्रीला हजारो रुपये भाडे घेणारी हाउसबोटच उभी राहते; आणि तेवढी ऐपत नसली म्हणजे मध्यम स्थितीतील कुटुंब तो बेतच मनातून काढून टाकते. मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे ते हे की, या कालव्यांच्या नगरातील जीवनाच्या अगदी सन्निध जावयाचे असेल, तर तेथील सर्वांत स्वस्त वाहनच पत्करावे.

प्रथम प्रवासाची तजवीज. मुंबईहून कोकण रेल्वेच्या मार्गाने जाणारी नेत्रावती एक्सप्रेस आलप्पुळ्यास थांबते. गुरुवारी निघालेला प्रवासी शुक्रवारी दुपारी तेथे उतरतो आणि रविवारी दुपारच्या गाडीने निघून सोमवारी परत येतो. म्हणजे शनिवार-रविवारला तीन दिवसांची किरकोळ रजा जोडली की काम भागते. आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, तेव्हाच शयनयानाची तिकिटे काढून ठेवावीत. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक बदलते, आणि ऑगस्टात नेहरू करंडकाच्या नौकाशर्यतीसाठी लोटणाऱ्या गर्दीमुळे खोल्यांचे दर चढतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम. उतरण्यासाठी बोटींच्या धक्क्याजवळचे एखादे साधे लॉज किंवा घरगुती निवासाची खोली पाहावी, म्हणजे रिक्षाचा खर्च मुळातच टळतो.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र वेंबनाड सरोवराकडे धाव न घेता शहरातच पायी हिंडण्यात घालवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी हे बंदर वसविले. वेंबनाड सरोवराकडून समुद्राच्या दिशेने जवळजवळ समांतर जाणारे दोन कालवे, वाडा कालवा आणि कमर्शियल कालवा, याच बंदराच्या सोयीसाठी खणले गेले. आणि डोंगराळ मुलखातील मिरी व वेलदोडे, तसेच सुके खोबरे व काथ्या असा माल नावांतून थेट वखारींच्या पायरीशी येऊन लागू लागला. केशवदासांनी सुरत, मुंबई व कच्छ येथील व्यापाऱ्यांना मुद्दाम पाचारण केले. पुढे 1859 साली येथे काथ्याचा पहिला कारखाना निघाला, 1862 साली दीपगृह उजळले आणि समुद्रात लांबवर शिरणारा धक्काही उभा राहिला. विसाव्या शतकात कोचीचे सुसज्ज बंदर सिद्ध झाले आणि आलप्पुळ्याची जकात व जहाजे हळूहळू तिकडे वळली. जुन्या धक्क्याचे गंजलेले लोखंडी खांब तेवढे आज लाटांत उभे आहेत. कालव्यांकाठच्या जुन्या वखारींपुढून फिरताना हा सारा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला ते संथ, हिरवट पाणी निराळेच दिसते.

मराठी व कोकणी माणसाला येथे आणखी एक आपुलकीचा धागा सापडतो. पोर्तुगीज अंमलातील धर्मच्छळामुळे गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या गौड सारस्वतांचे वंशज या नगरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांची देवालये आहेत, आणि त्यांच्या घरांत कोकणी अद्याप बोलली जाते.

शनिवारचा दिवस पाण्याचा. राज्य जलवाहतूक खात्याच्या उतारूबोटी एस्. टी. स्थानकाशेजारच्या धक्क्यावरून सुटतात. कोट्टयमपर्यंतचा प्रवास सुमारे अडीच तासांचा, आणि त्याचे भाडे चहा-फराळाच्या खर्चाहून फारसे अधिक नाही. पुढे चाक धरून उभा असलेला सारंग दोरी ओढतो, घंटा वाजते, त्या खुणेसरशी इंजिनवाला वेग कमी करतो, खलाशी दोर घेऊन काठावर उडी टाकतो, आणि दप्तरे सावरणारी मुले, तांदळाची पिशवी घेतलेली एखादी आजी व कचेरीतला कारकून अशी मंडळी क्षणार्धात चढतात-उतरतात. हाउसबोटीच्या आरामखुर्चीवरून जे केवळ दुरून दिसते, ते येथे आपल्या बाकावर शेजारी येऊन बसते. बोट पुन्नमडा सरोवर ओलांडून आर ब्लॉक नावाच्या शेतीपट्ट्याच्या बाजूने जाऊ लागली की कुट्टनाड या सखल भातप्रदेशाचे आश्चर्य ध्यानात येते: पाण्याची पातळी वर आणि भाताची खाचरे खाली! सरोवराच्या तळचा चिखल उपसून माणसांनी बांध घातले, आतील पाणी उपसून काढले आणि समुद्रसपाटीखाली भात पिकविला. या शेतीपद्धतीला 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. बांधावरील चिंचोळ्या पट्टीवर घर, पुढे पाणी, मागे शेत, आणि दाराशी बांधलेली होडी, अशी ती वस्ती पाहताना मनुष्याच्या कष्टाळूपणाविषयी माझे मन आदराने भरून येते. उन्हाळ्यात किंवा जलपर्णी माजल्यावर कधी मार्ग बदलतो, म्हणून धक्क्यावरील चौकशीच्या खिडकीवर आधी विचारून घ्यावे. दुपारचे जेवण कोट्टयमला केळीच्या पानावर घ्यावे; मासे खाणाऱ्यांनी कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि लालभडक मीनकरी अवश्य मागावी. परतताना पुन्हा बोटच धरावी, बस नको.

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही 1956 सालची कादंबरी याच परिसरातील कोळ्यांच्या जीवनावरची आहे. जाण्यापूर्वी ती अनुवादातून वाचून ठेवली, तर रविवारी सकाळी समुद्रकिनाऱ्यावर होड्या ओढणारी माणसे अनोळखी वाटणार नाहीत. काथ्याची एखादी पायपुसणी घ्यावयाची असल्यास ती आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातच घेऊन टाकावी. रेल्वे स्थानक किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे, तेव्हा सामान बांधून सकाळीच खोली सोडली तरी गाडीची वेळ होईपर्यंत वाळूवर निवांत बसता येते.