जीवाश्मांची मालकी कोणाची?



ब्राझीलच्या ईशान्य भागात, सेआरा राज्यात, अरारिपे नावाचे पठार आहे. त्याच्या परिसरातील नोव्हा ओलिंडा व सांताना दो कारिरी या गावांभोवती चुनखडीच्या खाणी आहेत. पिवळसर दगडाच्या पातळ लाद्या तेथे निघतात आणि फरशीसाठी दूरदूर जातात. थर सुटा करताना खाणकामगाराच्या छिन्नीखाली कधी मासा, कधी चतुर, कधी उडत्या सरीसृपाचा सांगाडा उघडा पडतो. हे जीव सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

ते कोणाचे, याचे उत्तर ब्राझीलच्या कायद्याने फार पूर्वी दिलेले आहे. ४ मार्च १९४२ रोजी गेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीत निघालेल्या हुकुमाने जीवाश्मांचे साठे राष्ट्राच्या मालकीचे ठरविले व शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून त्यांचे उत्खनन निषिद्ध केले. (हुकूमशहाच्या सहीनेही कधीकधी एखादा शहाणा कायदा निघतो, हे मान्य करायला हरकत नाही.) १९९० च्या नियमांनी परदेशी संशोधकांना ब्राझीलमधील संस्थेला सोबत घेणे बंधनकारक केले.

कायदा इतका स्पष्ट असूनही अरारिपेचे दगड युरोपातील संग्रहालयांत पोचलेच. कामगाराने सापडलेला तुकडा चार पैशांना दलालाला द्यावा, दलालाने व्यापाऱ्याला, व्यापाऱ्याने हौशी संग्राहकाला वा थेट संग्रहालयाला, आणि दर पायरीला किंमत वाढत जावी, असा हा व्यवहार. २०१३ मध्ये सांतोस बंदरात पोलिसांनी जीवाश्मांचा मोठा साठा जप्त केला. त्यात सहा चौकोनी लाद्यांत कापलेला उडत्या सरीसृपाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा होता.

डिसेंबर २०२० मध्ये ‘उबिराजारा’ या डायनोसॉरचे नाव जगापुढे आले. कोंबडीएवढ्या आकाराचा, खांद्यांवर ताठ फितींसारखी उपांगे असलेला हा प्राणी जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील सरकारी संग्रहालयात होता आणि शोधनिबंधाच्या लेखकांत एकही ब्राझिलियन नव्हता. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी जाब विचारला. तो दगड देशाबाहेर कधी व कोणत्या परवान्याने गेला, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळेना. २०२१ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गच्या राज्य शासनाने नमुना परत करण्याचा निर्णय घेतला आणि जून २०२३ मध्ये तो मायदेशी पोचला. त्याची रवानगी राजधानीत झाली नाही. सांताना दो कारिरी येथील, खाणींच्याच मुलखातील संग्रहालयात झाली. या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत मोलाची मानली पाहिजे.

अमेरिकेतील व्यवस्था याच्या अगदी विरुद्ध आहे. तेथे जमीन ज्याची, जीवाश्म त्याचे. २००९ चा संरक्षण कायदा केवळ संघराज्याच्या जमिनींपुरता आहे. १९९७ मध्ये ‘सू’ हा टायरॅनोसॉरस लिलावात सुमारे ८४ लाख डॉलरला गेला. शिकागोच्या फील्ड संग्रहालयाला तो घेण्यासाठी बड्या कंपन्यांपुढे हात पसरावा लागला. जुलै २०२४ मध्ये एका स्टेगोसॉरसला ४ कोटी ४६ लाख डॉलर मिळाले. तो विकत घेणाऱ्या अब्जाधीशाने नंतर तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला उसना दिला. म्हणजे लोकांना तो पाहायला मिळाला, पण मालकाच्या मर्जीने आणि मालकाने ठरविलेल्या मुदतीपुरता. अशा किमती कोणते सार्वजनिक संग्रहालय मोजू शकेल?

राष्ट्राच्या मालकीचे तत्त्व म्हणूनच योग्य आहे. परंतु राष्ट्र म्हणजे केवळ एखादे सरकारी खाते नव्हे. ज्याच्या हाती दगड प्रथम येतो त्याच्या वाट्याला फक्त खटल्याचे भय आले, तर तो दगड लपवील, दलालाला देईल किंवा सरळ फोडून टाकील. डेन्मार्कने १९९० पासून वेगळी वाट धरली आहे. तेथे वैज्ञानिकदृष्ट्या अपूर्व जीवाश्म राज्याच्या मालकीचा असतो, तो संग्रहालयाकडे सोपवावाच लागतो. मात्र शोधणाऱ्याला त्याबद्दल रोख मोबदला मिळतो.

हा विचार भारतालाही करावा लागणार आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. लिलावात त्या ढेकळांना कोण विचारील? परंतु त्यांतच गवताच्या पेशींमधील सूक्ष्म सिलिका-कण आढळले आणि डायनोसॉरांच्या काळीही गवत होते हे २००५ मध्ये जगाला कळले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. सर्व अधिकार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती एकवटतील, अशी टीका त्यावर शास्त्रज्ञांनीच केली. ती रास्त होती, पण तेवढ्याने भागत नाही. फाळाला लागलेले हाड घेऊन पिसदुऱ्याच्या शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचे आणि तेथे त्याला काय मिळायचे, हेही अशा कायद्यात लिहिलेले हवे; आणि ते दार नागपूर-कोलकात्याला नव्हे, वरोऱ्याला असायला हवे.