भरपाई कोणाला मिळाली?

आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. त्यातली १८ लाखांच्या आसपास वाटेतच मेली. तरणीताठी माणसं गेली, मागे गावं ओस पडली. कॅरिबियन बेटांवर त्यांनी ऊस पिकवला. गब्बर झालं लिव्हरपूल, ब्रिस्टल.

१८३३ साली ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कोणाला? मालकांना! राबणाऱ्यांना छदामही नाही. उलट बहुतेक बेटांवर 'उमेदवारी'च्या गोंडस नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना आठवड्याला ४०-४५ तास फुकट राबवलं. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज २०१५ साली फिटलं. ते फेडणाऱ्या करदात्यांत जमैकाहून इंग्लंडला आलेले, त्याच गुलामांचे वंशजही होते.