टायर केव्हा बदलावा?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांना आम्ही हा विषय कळविला, तेव्हा ते थोडे विचारात पडले. युनियनच्या माणसाने वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलावे. मोटारसायकलच्या टायरवर बोलण्यासारखे असे काय आहे? त्याचे उत्तर शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहिले म्हणजे मिळते. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावातून माणूस कामाला येतो. रात्रपाळीच्या वेळी एस.टी. सोयीची नसते. म्हणून तो गाडी घेतो, हप्त्याने घेतो, आणि ती गाडी त्याच्या हातातल्या पान्याइतकेच कामाचे हत्यार होऊन बसते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची शेकडा चव्वेचाळीसहून अधिक होती. हे सारे टायरमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. वेग आहे, दारू आहे, खड्डे आहेत. पण दोन चाकांच्या गाडीचा रस्त्याशी संबंध दोन तळहातांएवढ्या रबराने येतो, आणि ते रबर कसे असावे हे तरी आपल्याला ठरवता येते.

टायर केव्हा बदलावा असे कोणालाही विचारा. तो म्हणेल, 'गोटा झाला की.' हे उत्तर अर्धेच आहे. टायरला मरण दोन प्रकारचे असते. एक झिजून, दुसरे वयाने. मागच्या चाकाला ओढ असते, त्यावर डबलसीटचे ओझे असते; तो मधोमध झिजून सपाट होतो आणि झिजलेला सर्वांना दिसतो. पुढचा टायर मात्र सावकाश झिजतो. मागचे दोन होतात तरी पुढचा पहिलाच चालू असतो, नक्षी शाबूत दिसते, आणि आपण त्याच्याकडे पाहणे सोडून देतो. वास्तविक घसरलेले मागचे चाक कधी कधी सावरता येते. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. तीच गोष्ट आपल्यापैकी जे आठवड्यातून दोनदा मंडईला जाण्यापुरती गाडी काढतात त्यांची. त्यांचा टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो.

रबर म्हातारे होते म्हणजे काय होते? चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसाने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या योगाने कच्चे रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. गंधकाने रबराच्या लांब लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. बांधणी बेताची असली म्हणजे रबर चिवट आणि लवचीक राहते. पण टायर कारखान्यातून बाहेर पडल्यावर ही बांधणी थांबत नाही. ऊन आणि हवेतला प्राणवायू ते काम हळूहळू पुढे चालवतात, आणि रबर कडक होत जाते. हवेतला ओझोन वायू तर ताणलेल्या रबराच्या साखळ्याच तोडतो. टायरच्या कडेला बारीक चिरा दिसतात त्या बहुधा याच्याच. फायलीला लावलेला जुना रबरबँड ओढताच तुटतो, हे कचेरीत काम करणाऱ्यांना सांगावयास नको.

टायरवाले यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि काही रसायने घालतात. ती आतून पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरतात. टायर चालताना दबतो, सुटतो, त्याने हे काम नीट होते. म्हणून वर्षभर उन्हात उभी ठेवलेली गाडी टायर वाचवते, ही समजूत खरी नव्हे.

कडक टायर कोरड्या रस्त्यावर फारसा बोलत नाही. तो बोलतो मृगाच्या पहिल्या पावसात. चार महिन्यांची धूळ, सांडलेले ऑईल आणि उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून आणलेली माती, या सर्वांचा त्या दिवशी लेप होतो. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत धरून राहते. कडक रबर वरून सरकते. आज आपण वसंतात बसलो आहोत. जे पाहावयाचे ते पुढच्या चार-सहा आठवड्यांत पाहिले पाहिजे.

पाहावयाचे कसे? टायरच्या बाजूला एका लांब खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. कित्येकदा ते एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्हीकडे शोधावे. '२३२१' असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा, आणि दहा झाली की नक्षी कितीही असो, काढावा, असे टायर करणाऱ्या काही मोठ्या कंपन्याच सांगतात. आपले ऊन पाहता दहाची वाट पाहू नये असे आमचे मत आहे. नवा घेतानाही हे आकडे वाचावेत. सावलीत वर्ष-दीड वर्ष राहिलेला माल वाईट नसतो. पण पाच वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या भावाने कोणी का घ्यावा?

झिजेसाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरविली आहे. ती कायद्याची शेवटची रेघ आहे. पावसात तिथवर जाणे शहाणपणाचे नाही. फुगवटा, दिसणारे धागे, बोट वाकवून पाहण्याजोगी खोल चीर, यांपैकी काहीही दिसले तर वयही पाहू नये. आणि गरम पात्याने गोट्या टायरवर नव्या खाचा कोरून देणारे कोठे भेटले तर त्यांच्यापासून दूर राहावे. खाच दिसते, पण तिच्याखालचे रबर तेवढे कमी झालेले असते.

येथपर्यंतचे सारे कोणताही चांगला पंक्चरवाला सांगेल. आम्हांला पुढचे सांगावयाचे आहे. गेटसभेनंतर कामगारांच्या गाड्या पाहिल्या, की गोटा टायरवाला माणूस आपण होऊन म्हणतो, 'साहेब, बदलायचाच आहे, पगार झाला की.' त्याला सर्व ठाऊक असते. तेव्हा त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण हिशेब करून पाहू. समजा, टायर दोन हजारांचा आहे आणि वीस हजार किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला दहा पैसे पडले. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याचा दिवसाचा टायरखर्च सहा रुपये. दोन महिने लांबवून तो तीनशे रुपये वाचवतो. हॉटेलातला चहा यापेक्षा महाग आहे! हे तीनशे वाचवण्यासाठी कोणी पाय मोडून घेणार नाही. अडचण सहा रुपयांची नसतेच. एकदम दोन हजार काढण्याची असते, आणि त्याच जूनमध्ये मुलांच्या वह्या, फी आणि रेनकोट उभे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, हे बरे झाले. पण एकरकमी पैशाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कायद्याने एक गोष्ट मान्य केलेली आहे. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, आणि घरून कामावर जाताना वा परतताना झालेला अपघात, वेळ-स्थळाचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरावा असे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. म्हणजे कामगार पडल्यावर तो रस्ता कामाचा ठरतो. मग तो पडू नये म्हणून लागणारा टायर मात्र त्याचा घरखर्च कसा? यंत्राचा पट्टा झिजला तर मालक कामगाराच्या पगाराची वाट पाहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की मागणीपत्रात प्रवासभत्त्याच्या कलमाखाली दर किलोमीटरचा खर्च मांडताना पेट्रोलबरोबर टायरही धरावा. ते पदरात पडेतो कामगारांच्या पतपेढ्यांनी मे महिन्यात टायरसाठी बिनव्याजी उचल द्यावी आणि दहा हप्त्यांत कापून घ्यावी. दोन हजारांचे दोनशे महिन्याला. एकाच दुकानातून पन्नास-शंभर टायर घेतले तर भावही उतरतो, आणि तारखेचे आकडे वाचून घेणारा एक माणूस पाठवता येतो. घरोघर खाद्यपदार्थ आणि पार्सले पोचवणाऱ्या मुलांना पतपेढी नाही, त्यांना पगारपत्रकही नाही, आणि त्यांचा टायर सर्वांत लवकर झिजतो. त्यांची संघटना होईपर्यंत त्यांच्या टायरची काळजी कोणी घ्यावी, हे या सभागृहातल्या ज्यांच्या दारात ती मुले रोज येतात त्यांनीही थोडे मनावर घ्यावे.

राहता राहिला काढलेला टायर. तो दुकानात तसाच टाकून येऊ नये; आपण धोकादायक म्हणून काढलेला टायर दुसऱ्या एखाद्या गरजू माणसाच्या चाकावर चढण्याची शक्यता असते. आपल्या देखत कापून घ्यावा. आणि घरच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवावयाचा असेल तर आधी त्याला चार-सहा भोके पाडावीत, नाहीतर पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास त्यातच होतात.