टी-शर्ट उरले, वही हरवली

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्या पोरापोरींचा आहे. पण तुम्ही कॉलेजात कुठल्याही कमिटीत असाल तरी थांबा, तुमच्याही कामाचा आहे.

जून २०२२ आठवतो? आपल्या अमरावती-अकोला हायवेवर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची डांबरी लेन सलग टाकली आणि गिनीज रेकॉर्ड झाला. मी तेव्हा पुण्यात ऑफिसात बसून मोबाईलवर ते व्हिडिओ पाहत होतो. बाजूचा म्हणाला, "तू सिव्हिलचा ना रे?" होय, डिग्री सिव्हिलची, नोकरी सॉफ्टवेअरची. असे आपल्यात लय आहेत.

कॉलेजात मी सिव्हिल स्टुडंट्स असोसिएशनचा सेक्रेटरी होतो. ही असोसिएशन म्हणजे डिपार्टमेंटची, घरची संघटना. काही कॉलेजांत त्याशिवाय इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स किंवा इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट यांचा स्टुडंट चॅप्टर असतो. पहिली संस्था १९२० ची, दुसरी १९८२ ची. चॅप्टर असला की बाहेरचे वक्ते येतात, स्पर्धा कळतात, ओळखी होतात. असेल तर जरूर मेंबर व्हा.

आम्ही काय करायचो? १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, इंजिनिअर्स डेचा केक, आईस्क्रीमच्या काड्यांचा पूल आणि टी-शर्ट. टी-शर्टाच्या रंगावरून आमची भांडणं आठवडाभर चालायची.

थर्ड इयरला एक सिनियर म्हणाला, "काऊन बे, चार वर्षं केकच कापता का? चाला रविवारी." आम्ही पाच जण दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात गेलो. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट आणि जमीन काळी, चिकट. एका आजोबांच्या घराला खिडकीपासून खालपर्यंत तडा गेला होता. ते म्हणाले, "उन्हायात बोट जाते, पाणकायात बुजते. दरसाल सिमिट भरतो, दरसाल फुटते."

हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरचं घर हलतं. पण पुस्तकातलं वाक्य असं कोणाच्या भिंतीवर पहिल्यांदाच दिसलं.

तिथली माती पिशवीत भरून लॅबमध्ये आणली आणि फ्री स्वेल टेस्ट केली. एकदम सोपी टेस्ट आहे. माती ओव्हनमध्ये वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १०-१० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन नळ्यांत घ्यायची. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत केरोसिन. ढवळून हवा काढायची आणि किमान २४ तास ठेवायचं. केरोसिनमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. दुसऱ्या दिवशी पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट दिसत होती. लेक्चरला कधी न येणारा आमचा एक मित्र त्या नळीकडे पाहतच राहिला.

आम्ही तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, तारीख टाकली होती, मापं वहीत लिहिली होती. निघताना आजोबा म्हणाले, "पाणी पडल्यावर याजा पाहाले." आम्ही "हो" म्हटलं.

आम्ही गेलो नाही. सिनियर पास होऊन गेला, माझी प्लेसमेंटची तयारी सुरू झाली. नव्या कमिटीला मी काय दिलं? बँकेचं पासबुक आणि उरलेले अकरा टी-शर्ट. वही कुठे गेली, मला आजही माहीत नाही. याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही. सेक्रेटरी मीच होतो.

आयटीत आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात शब्द ऐकला, केटी. मी दचकलो, म्हटलं इथंही एटीकेटी? तर ती होती नॉलेज ट्रान्सफर. कोणी प्रोजेक्ट सोडला की सगळं लिहून, समजावून मगच जायचं. कॉलेजच्या संघटनेत तर अख्खी टीम चार वर्षांत बदलते. केटीची खरी गरज तिथं आहे.

म्हणून तीनच गोष्टी सांगतो. एक, वर्षातून एक काम आपल्याच मातीतलं निवडा. गावातला तडा, कॉलनीतली तुंबणारी नाली, काहीही. दोन, मापं तारखेसह लिहा, फोटो काढा, आणि ते कोणा एकाच्या फोनमध्ये नको, असोसिएशनच्या ड्राईव्हवर ठेवा. तीन, सेकंड इयरची दोन पोरं पहिल्या दिवसापासून सोबत न्या. पुढच्या पावसाळ्यात तीच जातील. आणि कोणाच्या दारात "येतो" म्हटलं असेल, तर तेही त्या फाईलमध्ये लिहा.

केक कापा, टी-शर्टही घाला. मजा पाहिजेच. पण जाताना वही हातात देऊन जा.

तुमच्या कॉलेजची असोसिएशन असं काही करत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू. आणि हो, यंदा पाणी पडलं की मी दर्यापूरला जाणार आहे. उशीर झालाय, माहितीये. तरी जाणार. भेटू!